गुंडप्पाची टिचकी

उदगीरच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून गुंडप्पाचं बंदुका दुरुस्त करायचं. माझ्याकडं दिवसभर खणखणाट, त्याच्याकडं शुकशुकाट. सरकारी परवाना त्याच्या आजोबापासून चालत आलेला. आजोबाकडं जहागीरदार यायचे. आता बँकांचे राखणदार येतात आणि रानडुकरांनी बेजार झालेले शेतकरी येतात. त्यांच्या बंदुका वर्षानुवर्षं उडतच नाहीत, त्यामुळं बिघडल्या तर गंजूनच बिघडतात.

माणूस सत्तरीला आलेला, अंगानं वाळका आणि संथ. इतका संथ की माझ्यासारख्या तापट माणसाचं रक्त आटावं. चहाला हाक मारावी तर "येतो रे शिवप्पा, एवढा एक आटा बसू दे," म्हणायचा आणि चहावर साय धरेपर्यंत यायचा नाही. मी जन्मभर त्याच्यावर ओरडत आलो आणि तो जन्मभर ऐकून घेत आला, म्हणून आमची दोस्ती टिकली.

या संथ माणसाचे दोन नियम होते आणि ते मोडलेले मी कधी बघितले नव्हते. पहिला नियम गजाचा. कुणीही बंदूक घेऊन आत आलं की हा आधी तिच्या नळीत गज घालणार, तो टेकेपर्यंत खाली सोडणार, नळीच्या तोंडाशी गजावर अंगठा दाबून खूण धरणार, मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघणार. गज नळीच्या बुडापर्यंत पोचला असला तर बंदूक रिकामी. वीतभर कमी पडला तर आत काहीतरी आहे. आलेला माणूस तहसीलदार असो की व्याही, तोवर हा त्याच्याशी बोलायचा नाही. आम्ही लिंगायत लोक भेटल्यावर शरणार्थी म्हणतो, ते सुद्धा गजानंतर. "आधी गज, मग शरणार्थी," हे त्याच्या बापाचं वाक्य. लोक त्याला शिष्ट म्हणायचे. मीही म्हणायचो.

दुसरा नियम टिचकीचा. जुनी नळी आली की तो ती लाकडी दस्त्यापासून सुटी करायचा, दोरीनं आढ्याला टांगायचा आणि अंगठ्यावरून बोट सोडून टिचकी मारायचा. निरोगी नळी देवळातल्या घंटेसारखी वाजते. चीर असली की आवाज फाटतो. मी भांडीवाला, मला टिचकीचं कौतुक कशाला? आमचं सगळं गिऱ्हाईक टिचकी मारूनच भांडं घेतं. पण त्याच्या टिचकीनंतर तो डोळे मिटून जेवढा वेळ ऐकत बसायचा, तेवढ्यात मी दोन कळश्या विकून मोकळा व्हायचो.

त्या वर्षी नवरात्रात सुदर्शन नावाचा एक तरुण गाडीतून एक लांबच लांब घोंगडी घेऊन उतरला. मुखेडकडच्या बोरतळीच्या अमृतराव पाटलांचा मुलगा. घोंगडीतून जी बंदूक निघाली ती बघून मी दुकान तसंच टाकून आत गेलो. नळीच माझ्या छातीला लागेल एवढी, आणि तिच्या तोंडात आवळा सहज जावा.

"चार बोर," गुंडप्पा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

मला त्यानं बोराचा हिशेब पूर्वी शिकवला होता. एक रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती बारा बोर. चारच गोळ्या केल्या तर चार बोर. म्हणजे बँकेच्या राखणदाराच्या बंदुकीपुढं ही तोफच. निजामाच्या काळात हिवाळ्यात बोरतळीच्या तळ्यावर बदकं उतरायची, कलहंस उतरायचे, तेव्हा जहागीरदाराचे पाहुणे पाणगवतात होडी दडवून तिच्यात पालथे झोपत आणि पाण्यावर बसलेल्या थव्यावर ही बंदूक एकदाच उडवत. ठासणीची बंदूक, तोंडातून दारू ठासायची, छर्रे ठासायचे, मागं घोड्याखाली पोकळ खिळ्यावर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, टोपी फुटते आणि तिची ठिणगी खिळ्यातून दारूत जाते. पुढं जहागीरदारी गेली, शिकार बंद झाली, बंदूक आधीपासून सांभाळायला होती त्या पाटलांकडंच राहिली. तिचा परवाना अमृतरावांच्या नावावर होता आणि त्यांनी तो जपला होता.

गुंडप्पानं नळीवर अंगठा फिरवला. नळी विलायती, पण एका लोखंडाची नव्हे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळायच्या, मग त्या पिळाचे तापवून वेढे द्यायचे आणि ठोकून ठोकून सांधायचे, अशी केलेली. त्यामुळं अंगावर बारीक लाटा दिसतात. दस्ता मात्र आमच्या उदगीरचा, शिसवाचा. "आज्जाचं काम," गुंडप्पा म्हणाला, आणि दस्त्याच्या बुडाशी कोरलेलं बेलाचं पान मला दाखवलं. घोड्याजवळच्या पत्र्यावर उडती बदकं खोदलेली होती. पूजेत हात फिरून फिरून पहिल्या बदकाचा पंख पुसून गेला होता.

मग त्यानं सवयीनं गज उचलला आणि सुदर्शन पुढं झाला.

"काका, तोंडाचं बूच काढायचं न्हाई. आज्जीनं बजावून सांगितलंय. त्याच्यात आमची शिवेची आई हाय."

नळीच्या तोंडात पितळी बूच होतं आणि त्याच्यावर शेंदराचं एवढं जाड पूट की ते कुणी बसवलेलं आहे हेही ओळखू येऊ नये. मी म्हटलं, "काढ की. बघू आणि परत बसवू. देवीला काय कळायचंय?"

गुंडप्पा माझ्यावर खेकसला. जन्मात पहिल्यांदा. "माझ्या गळ्यातल्या लिंगाला ह्या पोरानं हात लावलेला चालंल का मला? मग त्यांच्या देवाला मी कसा लावू?"

माझ्याही गळ्यात लिंग आहे. त्यानं गज भिंतीला टेकवला आणि सुदर्शनकडं वळून हात जोडले. "शरणार्थी. बोला, काय करायचं?"

त्यांच्या घरची चाल सुदर्शननं सांगितली. दसऱ्याला दिवस बुडायच्या टायमाला, सोनं लुटून गाव शिवेवरून परतलं की बंदूक मोठ्या दारात लाकडी घोडीवर ठेवायची, तोंड अंगणाकडं. त्या साली घरात जन्मलेलं लेकरू घेऊन त्याची आई बंदुकीच्या तोंडासमोर पाटावर बसते. घरचा कर्ता चाप ओढतो, घोडा खटकन पडतो. लेकरू दचकलं नाही तर जन्मात कशाला भिणार नाही म्हणतात.

"ह्या साली माझी लेक बसणार हाय," सुदर्शन म्हणाला, "पण घोड्याची कमान गेलीय. पडतो का झोपतो कळत न्हाई. नवी घाला. आन् काका, नुसती टोपी फुटली तर केवढा आवाज होईल! टोप्या हायत का तुमच्याकडं?"

आजोबाच्या डबीत टोप्या होत्या. गुंडप्पानं नवी कमान, म्हणजे पट्टीची स्प्रिंग, घडवली आणि अशी घडवली की घोडा मागं ओढायला दोन अंगठे लागावेत. टोपीखालचा पोकळ खिळा शेंदूर आणि तेल बसून बुजला होता. तो फिरेना, म्हणून त्यानं बाहेरूनच बारीक तार घालून वाट मोकळी केली. तारेला काळं आलं. तेलाची काजळी समजून त्यानं ते फडक्याला पुसलं. नळी टांगून टिचकी मारली तर ती वाजलीच नाही, नुसती ठप्प झाली. मी विचारलं, "चीर हाय का काय?"

"चीर असती तर फाटकी वाजली असती. तोंडात बूच हाय, वाजणार कशी?" म्हणाला, आणि नळी उतरवली. जाताना दोन टोप्या त्यानं सुदर्शनच्या तळहातावर ठेवल्या.

दसऱ्याच्या दुपारी माझ्याकडं श्वास घ्यायला सवड नसते. नवं भांडं घरात न्यायचा दिवस. गुंडप्पा दुकान झाडून, नळी आवळून धरायच्या शेगड्याला झेंडूचा हार घालून, माझ्या फळीवर येऊन बसला होता. तोंडार गावच्या एक बाई पितळी कळशी बघत होत्या. त्यांनी टिचकी मारली. कळशी ठप्प. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी फुटकं विकतोय. मी तोंडावरचा कागद फाडून दिला, म्हटलं, "आता मारा." पुन्हा ठप्प. बाईंनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि बुडाशी दाबून बसवलेला चिंध्यांचा बोळा बाहेर ओढला. कारखान्यातून माल तसाच येतो. मग टिचकी मारली आणि कळशी खणखणली.

"तोंडाचं न्हवतं, बुडाचं होतं," बाई म्हणाल्या.

गुंडप्पा फळीवरून उठला. त्याचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता. तो आपल्या दुकानात गेला, मी मागं. खुंटीवरचं फडकं त्यानं काढलं, तारेचं काळं जिथं पुसलं होतं ती जागा शोधली आणि जिभेला लावली.

"खारट," तो म्हणाला. "शिवप्पा, दारूत घालतात तो सोरा हाय. दारू हाय ही. बंदूक भरलेली हाय."

मी मूर्खासारखं विचारलं, "इतक्या वर्षांची दारू उडती का?"

"दारूला वर्षं कळत न्हाईत, ओल कळती. तोंड बुचानं बंद, खिळा शेंदरानं बंद. ओल जाईल कुठून? मीच वाट करून दिली. मीच टोप्या दिल्या." मग तो एकदम ओरडला, "गाडी काढ!"

सुदर्शनचा नंबर लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दुसऱ्या कुणाचा नंबर नव्हता. पोलिसांना लावला, ते म्हणाले माणूस पाठवतो, पण त्यांनाही बोरतळी जवळ नव्हती. मी दुकान उघडं टाकलं, गल्ल्यासकट, आणि माल वाहायची जुनी ओम्नी काढली. गुंडप्पानं भिंतीचा गज उचलला. तो गाडीत मावेना, तेव्हा त्याचं एक टोक खिडकीबाहेर काढून तो माझ्याशेजारी बसला.

जळकोटपर्यंत मी कसा आलो मला आठवत नाही. रस्त्याला झेंडूच्या हारांचे ट्रॅक्टर, नव्या मोटारसायकली, लिंबू चिरडत चाललेली बिऱ्हाडं. आज सगळ्यांनाच गाडीवरून मिरवायचं होतं. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हतो. गुंडप्पा दर थोड्या वेळानं सुदर्शनला फोन लावायचा आणि वाजून वाजून बंद झाला की पुन्हा लावायचा. एरवी मी वेगात चाललो की देवाचं नाव घेणारा हा माणूस त्या दिवशी एकच शब्द बोलत होता.

"हाण."

जांबच्या पुढं पावसानं पूल उखडून नेला होता. खालून ओढ्यातून वळणरस्ता, आणि बरोबर मधोमध एक ट्रॉली रुतलेली. पलीकडं सूर्य बाभळीच्या शेंड्याला टेकायला आला होता. मी खाली उतरून ट्रॉलीवाल्याला शिव्या घालायला लागलो. गुंडप्पा उतरला, चिखलात गेला आणि ट्रॉलीला खांदा लावला. सत्तरीचा म्हातारा, पायात चिखल गुडघ्यापर्यंत. त्याला बघून दहा माणसं धावली. ट्रॉली निघाली. मला माझीच लाज वाटली, पण लाजायलाही वेळ नव्हता.

"तोफ हाय ती शिवप्पा," गाडीत बसल्यावर तो म्हणाला. "पन्नास पावलांवरचा थवा झोपवायची. लेकरू दोन हातांवर बसणार हाय."

मी म्हटलं, "गप बस." मला ऐकवत नव्हतं.

बोरतळीत शिरलो तेव्हा तळ्यावर तांबूस उजेड होता आणि गावात हलगी वाजत होती. गर्दी एवढी की गाडी पारापाशी सोडावी लागली. पाटलांच्या घरापुढं माणसंच माणसं, हातात आपट्याची पानं, पोरं कौलांवर चढलेली. आणि गुंडप्पा गज घेऊन पळाला. जन्मात मी त्याला पळताना बघितलं नव्हतं. "थांबा! थांबा!" तो ओरडत होता, पण हलगीपुढं माझाच आवाज मला येत नव्हता, त्याचा कुणाला जाणार? लोकांना वाटलं म्हाताऱ्याच्या अंगात आलंय. त्यांनी वाट करून दिली.

गर्दी संपली तिथं अंगण सुरू झालं. मोठ्या दारात लाकडी घोडीवर ती बंदूक, हळदकुंकवानं माखलेली. तिच्या पुढ्यात पाटावर सुदर्शनची बायको उज्ज्वला, नऊवारी नेसलेली, मांडीवर झबल्यातली लेक. लेक समोरच्या शेंदरी बुचाकडं बघून हात नाचवत होती. सुदर्शन बाजूला मोबाइलवर चित्रीकरण करत होता. दुपारपासून हलगीच्या दणक्यात त्याला फोनची घंटी ऐकूच गेली नव्हती. घोडा मागं ओढलेला. खिळ्यावर तांब्याची टोपी चमकत होती. अमृतरावांनी देवघराकडं बघून मान वाकवली, आणि हलगी थांबली.

थांबली, तेव्हा गुंडप्पा ओरडला. पण अमृतरावांचं बोट चापावर होतं आणि ते वळायला लागलं होतं.

गुंडप्पानं गज टाकला, बंदुकीवर झेप घेतली आणि हात पुढं घातला. घोडा खाली आला तो त्याच्या उजव्या अंगठ्यावर. टोपीच्या आणि घोड्याच्या मधे त्याचा अंगठा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानं स्वतः घडवलेली कमान होती ती.

तो ओरडला नाही. दातांतून म्हणाला, "लेकरू बाजूला घ्या."

उज्ज्वला लेकराला छातीशी धरून बाजूला झाली, काही न विचारता. अमृतराव पांढरेफटक, बोट अजून चापावरच. "मालक," गुंडप्पा म्हणाला, "बंदूक भरलेली हाय. चापावरलं बोट सोडा. हळू." त्यांनी सोडलं. "शिवप्पा, इकडं ये. दोन्ही अंगठ्यांनी घोडा मागं वढ. अटकल्याचा आवाज येईस्तवर सोडू नको. सुटला तर मी तुला वाचवू शकायचा न्हाई."

मी भांडी विकतो. जन्मात बंदुकीला हात लावलेला नाही. माझे हात घामानं निसरडे झाले होते आणि घोडा हलत नव्हता. थोडा हलला आणि परत बसला, तेव्हा गुंडप्पाच्या तोंडून पहिल्यांदा "यप्पा" निघालं. मी धोतराला हात पुसले, पुन्हा धरला आणि सगळं अंग मागं टाकून ओढला. खट्ट. अडकला. गुंडप्पानं अंगठा काढला, डाव्या हाताच्या नखानं टोपी उचलली आणि ओल्या मातीत दाबून टाकली. मग खाली बसला.

"ह्यानं तुमची नात वाचवली!" मी ओरडलो. गर्दीतून गलका उठला, कुणीतरी जय म्हणालं, कुणीतरी हार पुढं केला.

"न्हाई," गुंडप्पा म्हणाला. बोटांतून रक्त गळत होतं. "गज घातल्याबिगर बंदूक मीच बाहेर सोडली. बुजलेली वाट मीच मोकळी केली. टोप्या मीच दिल्या. हार कशाचा घालायलात?"

हार धरलेला हात मागं गेला. मला वाटलं, आता ह्याला इथंच मारणार. उज्ज्वलानं लेकरू सासूकडं दिलं आणि ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. "टोपी दिलीच कशी तुमी?" ती म्हणाली. गुंडप्पानं मान खाली घातली. ती रडायला लागली, आणि रडतच तिनं ओवाळणीच्या ताटातली हळद त्याच्या अंगठ्यात भरून फडकं बांधलं.

अमृतरावांच्या आई साखराबाई दाराच्या आत बसल्या होत्या. नव्वदी ओलांडलेली बाई, पण आवाज खणखणीत. "सुदर्शन, बूच काढ."

"आज्जी, देवी..."

"काढ म्हणते न्हवं. रझाकाराच्या सालात मी नवी नवरी. मामंजी ह्याच दारात बसून बुचाला मेण लावत होते. मला वाटलं देवाला लावायलेत. चार दिसांत तापानं गेले. कशाला लावलं ते इचारायला कोण राहिलं? त्यांच्या हातचं म्हणून मीच त्याला शेंदूर लावला."

बूच निघालं. गुंडप्पानं डाव्या हातानं गज आत सोडला, खूण धरली, बाहेर काढून नळीला लावला. दीड वीत कमी. अमृतरावांनी त्या दीड वितीवर तळहात ठेवला आणि तो तिथून उचललाच नाही. सुदर्शन भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याच्या मोबाइलचं चित्रीकरण अजून चालूच होतं.

त्याच संध्याकाळी दारू भिजावी म्हणून नळीत पाणी भरून ती खांबाला बांधून ठेवली. नांदेडच्या दवाखान्यात गुंडप्पाच्या अंगठ्याचं वरचं पेर काढावं लागलं. परत आल्यावर त्यानं स्क्रू लावलेल्या गजानं, मी आणि सुदर्शननं धरायचं आणि त्यानं सांगायचं असं करत, नळी मोकळी केली. आधी लुगड्याच्या चिंध्या आल्या. मग छर्रे येतील म्हणून आम्ही परात धरली, तर छर्रे नव्हतेच. तोडलेले खिळे आणि शिशाचे तुकडे. ते माणसांसाठी भरलेलं होतं. अमृतरावांनी त्यातला एक खिळा उचलून बघितला आणि आत निघून गेले.

गुंडप्पानं दुकान बंद केलं. परवाना परत करतो म्हणायला लागला. मी भांडलो, विनवण्या केल्या, तिरकं बोललो. तो म्हणायचा, "माझा हक्क गेला शिवप्पा." रोज माझ्या फळीवर येऊन बसायचा, बोळा निघालेल्या कळशीसारख्या सगळ्या कळश्या बुडापर्यंत हात घालून तपासून द्यायचा, आणि चहाला हाक मारली की लगेच उठायचा. ते लगेच उठणं मला बघवत नव्हतं. त्यापेक्षा साय धरलेली बरी.

पुढच्या साली नवरात्र बसायच्या आधी अमृतराव स्वतः आले. एका खांद्यावर घोंगडीतली बंदूक, दुसऱ्या कडेवर नात. नात आता चालत होती. कडेवरून उतरली आणि माझ्या वाट्यांच्या ढिगाऱ्यात घुसली. अमृतराव फळीशी उभे राहिले. गुंडप्पा उठला, पण हात जोडले नाहीत, बोललाही नाही.

"काम हाय," अमृतराव म्हणाले.

"दुसरीकडं न्या मालक. लातूरला माणसं हायत."

"दुसऱ्याच्या हातनं चूक झालेली न्हाई. तुमच्या हातनं झालीय. म्हणून तुमच्याकडं आणली." खिशातून त्यांनी रुमालात बांधलेलं बूच काढून दाखवलं. "आई म्हणली, देव घरात राहील. बंदुकीचं तोंड उघडंच ठेवा."

मग गुंडप्पानं कनवटीची किल्ली काढली. दार उघडलं, धूळ उडाली. त्यानं गज उचलला, नळीत सोडला, डाव्या अंगठ्यानं खूण धरली, बाहेर काढून नळीला लावला. गज बुडापर्यंत पोचला होता. त्यानं तो अमृतरावांच्या हातात दिला आणि त्यांच्याकडूनही मोजून घेतलं. मग नळी सुटी करून आढ्याला टांगली आणि उजवा हात वर केला. बोट सवयीनं अंगठ्यावर गेलं आणि घसरलं, कारण तिथं पेर नव्हतं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं.

"तुमीच मारा मालक," तो म्हणाला.

अमृतरावांनी स्वतःच्या बोटाकडं बघितलं. चाप ओढलेलं बोट होतं ते. त्यांनी टिचकी मारली.

नळी वाजली. आमच्या बाजारात एवढी मोठी घंटा नाही. माझ्या दुकानातल्या वाट्या ऐकून थांबल्यासारख्या झाल्या, आणि त्यांच्यात बसलेली पोर मान वर करून आवाज कुठून येतो ते शोधायला लागली. दचकली नाही. मी रडत होतो, ते मी लपवत नाही.

आवाज पूर्ण विरेपर्यंत गुंडप्पा डोळे मिटून उभा होता. मग त्यानं डोळे उघडले, अमृतरावांकडं वळला आणि दोन्ही हात जोडले.

"शरणार्थी, मालक," तो म्हणाला. "बसा."